बिनकामाचा वाटणारा डबा

वाचकहो, आरोग्यविषयक पाक्षिकात मोटारीच्या इंजिनाची कथा वाचून तुम्हाला प्रथम नवल वाटेल. परंतु नातवाच्या गाडीच्या निमित्ताने मला माझ्याच छातीविषयी एक धडा मिळाला. तो माझ्यासारख्या ज्येष्ठांच्या आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या घरच्या मंडळींच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

माझे वय ७६ वर्षे. उमेदीची चाळीस वर्षे सांगलीत ट्रक आणि बसगाड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात गेली. त्या काळी आम्ही तोंडाला साधे फडकेही न बांधता दाबाच्या हवेने फिल्टर झटकत असू. शिवाय तरुणपणी विड्या ओढल्या, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्या साऱ्याचे व्याज छाती आता वसूल करते आहे. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाण्याच्या विकाराचे निदान केले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इनहेलर घ्यावा लागतो.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे असतो. आम्ही उभयता वर्षातील काही महिने त्याच्याकडे राहतो. गेल्या खेपेस गेलो तेव्हा बावीस वर्षांच्या नातवाने स्वतःच्या कमाईतून २०१७ सालची एक जुनी टोयोटा ८६ घेतली होती. बुटकी, दोन दारांची, जमिनीला चिकटून धावणारी ही स्पोर्ट्‌स कार. तिचे इंजिन दोन लिटरचे आणि ताकद सुमारे २०० अश्वशक्ती. तिच्यात बसताना मला गुडघ्यांची मनधरणी करावी लागे. पण ज्याने आयुष्यभर इंजिने उघडली, त्याला अशा गाडीचे कौतुक न वाटले तरच नवल!

एका शनिवारी घरी एक मोठे खोके आले. त्यात एक चकचकीत, रुंद नळी आणि शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर होता. गाडीच्या कंपनीने बसवलेला हवेचा काळा प्लास्टिकचा डबा काढून त्या जागी हे बसवायचे, असा नातवाचा बेत. किंमत साडेतीनशे डॉलर. मुलगा संतापला. ‘चांगली चाललेली गाडी बिघडवायला पैसे मोजायचे?’ असे त्याचे म्हणणे. सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. पण बाप-लेकांचा दोन दिवस अबोला झाला आणि जेवणाच्या टेबलावर भांड्यांचाच आवाज येऊ लागला. अखेर नातू माझ्याकडे आला. ‘आजोबा, तुम्हीच सांगा. इंजिनातलं बाबांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं.’

न्यायाधीशाची खुर्ची मिळाली की म्हाताऱ्या माणसाला स्फुरण चढते. मी म्हटले, ‘आधी गाडीचं बॉनेट उघड. मग बोलू.’

वाचकहो, इंजिनही श्वास घेते. नुसत्या पेट्रोलने ते चालत नाही. पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. तुम्ही-आम्ही स्वस्थ बसलो असताना मिनिटाला सुमारे सहा लिटर हवा आत घेतो. नातवाच्या गाडीचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे मारू लागले, की त्याच मिनिटात सुमारे सहा हजार लिटर हवा ओढते. म्हणजे हजार माणसांचा श्वास ते इंजिन एकटे घेते! ही हवा ज्या वाटेने आत येते, त्या वाटेलाच ही मंडळी ‘इनटेक’ म्हणतात. वाट मोकळी केली की हवा अधिक, हवा अधिक की जोर अधिक, असा नातवाचा सरळ हिशेब होता.

या हिशेबात तथ्य नाही असे नव्हे. थंड हवा दाट असते. हवा तीन अंश सेल्सियसने थंड झाली, तर तेवढ्याच जागेत सुमारे एक टक्का अधिक हवा मावते. रुंद नळी आणि कमी अडथळ्याचा फिल्टर यांमुळे वरच्या वेगात इंजिनाला श्वास घेणे थोडे सुकर होते. टर्बोचार्जर असलेल्या, किंवा इतर बदल करून ताकद वाढवलेल्या इंजिनांना याचा लाभ अधिक होतो. सुती जाळीचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आवाज. ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन हवा ओढते, त्याचा एक खोल, घुमणारा हुंकार ऐकू येतो. तरुणांना त्याची भूल पडते. खुद्द कंपनीनेही या गाडीत हा हुंकार आत बसलेल्यांना ऐकू यावा म्हणून एक वेगळी नळी बसवलेली आहे. तेव्हा नातवाची हौस अगदीच वेडगळ म्हणता येणार नव्हती.

मग मी त्याला तो काळा डबा नीट पाहायला लावला. डब्याचे तोंड इंजिनाकडे नव्हते; ते पुढे, गाडीच्या नाकाशी, बाहेरची हवा घेत होते. म्हणजे थंड हवेची सोय कंपनीने आधीच केली होती. उघडा शंकू बॉनेटखाली बसवला, तर तो इंजिनाच्या उष्णतेत तापलेली हवा ओढण्याचा संभव. गाडी सिग्नलला उभी असताना बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा तीस अंशांनी तापली, तर दाटपणा नऊ-दहा टक्क्यांनी घटतो. मिळवायला गेलो जोर आणि हाती आली धाप!

यावर उपाय म्हणून काही जण लांब नळी घालून फिल्टर चाकाजवळ खाली बसवतात. तेथे हवा थंड मिळते, पण पाणीही जवळ येते. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि फिल्टर बुडाला, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले, की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग पूर्ण इंजिन खोलण्याची पाळी येते. सांगलीचे पूर पाहिलेल्या मला हे निराळे सांगावे लागत नाही.

डब्याच्या पोटातील कागदी फिल्टरही मी त्याला दाखवला. कागद बारीक धूळ धरतो. जाळी जितकी मोकळी, तितकी बारीक धूळ निसटण्याची शक्यता अधिक. सुती फिल्टर धूळ धरावी म्हणून त्याला तेल लावतात. ते जास्त झाले, तर हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर त्याचा थर बसतो. त्या तारेच्या मापावरून गाडीचा संगणक पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. नळीचा व्यास बदलला तरी हेच माप चुकते. माप चुकले की मिश्रण बिघडते, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

शिवाय डब्याला लागून एक पोकळ, बंद कप्पा होता. नातू म्हणाला, ‘आजोबा, हा तर बघा, याच्यात काहीच नाही. नुसता रिकामा आहे. उगाच जागा अडवतो.’ मी म्हटले, ‘अरे, तो रिकामा आहे म्हणूनच कामाचा आहे. हवेच्या आत-बाहेर होणाऱ्या लाटांचा आवाज त्या पोकळीत विरतो. तो काढलास की आवाज वाढेल. तुला तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी. पण तो बिनकामाचा आहे, असं म्हणू नकोस.’

कायद्याची बाजूही होतीच. कॅलिफोर्नियात असा भाग रस्त्यावरच्या गाडीला बसवायचा, तर त्याला तेथील हवा-संरक्षण मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो आणि धूर तपासणीच्या वेळी तो पाहतात. नातवाच्या खोक्यावर तो क्रमांक कोठेही नव्हता. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. ज्यांची नातवंडे पुण्या-मुंबईत अशा हौशी करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग मी त्याला एक जुनी हकिगत सांगितली. उसाच्या हंगामात एका ट्रकचालकाने, गाडी चढाला ओढत नाही म्हणून, एअर क्लीनरचा आतला भाग काढून टाकला होता. पहिले काही दिवस तो खूश होता. ‘फोरमन, गाडी आता कशी मोकळी पळते बघा!’ असे मला सांगून गेला. हंगाम संपेपर्यंत तोच ट्रक निळा धूर ओकत आमच्या दारात उभा राहिला. इंजिन खोलले, तर रिंगा झिजलेल्या आणि सिलिंडरला ओरखडे. शेतवाटेची धूळ म्हणजे बारीक वाळूच. तिने आतून पॉलिश पेपरचे काम केले होते. नुकसान रोज होत होते, पण दिसत नव्हते.

ही हकिगत सांगताना मला जोराची ढास लागली. आवाज गेले दोन महिने घोगरा झालाच होता. बोलताना मध्येच फाटत असे. परक्या देशाची कोरडी हवा, असे म्हणून मी तो विषय टाळत आलो होतो. जेवताना जीभ झोंबे, घशात काही अडकल्यासारखे वाटे, तेही कोणाला सांगितले नव्हते. ‘अहो, डॉक्टरांना एकदा फोन करा,’ असे सौ. रोज म्हणत असे आणि मी रोज ‘उद्या’ म्हणत असे.

मी खिशातून इनहेलर काढला, तोंडात धरला आणि दाबला. नातू बघत होता.

‘आजोबा, तुमच्या इनहेलरला पूर्वी एक मोठा प्लास्टिकचा डबा असायचा ना? लहानपणी मी त्याला रॉकेट म्हणायचो. तो कुठे गेला?’

‘तो सांगलीलाच राहिला,’ मी म्हटले. ‘बॅगेत फार जागा खातो. आणि त्याच्यात काय आहे? नुसता पोकळ डबा. थेट तोंडात मारलं की औषध जास्त जोरात जातं.’

शब्द तोंडून निघाले आणि माझेच मला ऐकू आले. नातू हसला नाही. तो म्हणाला, ‘म्हणजे तुम्हीपण तुमचा एअर बॉक्स काढून टाकलात.’

वाचकहो, आयुष्यात मला अनेकांनी बोल लावले आहेत. पण इतके थोडे आणि इतके नेमके कोणी बोलल्याचे आठवत नाही. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या इंजिनांना हवा कशी मिळते ते तपासणारा मी, स्वतःच्या फुप्फुसांच्या बाबतीत त्या ट्रकचालकाच्या पंक्तीला जाऊन बसलो होतो.

त्याच रात्री सूनबाईंनी सांगलीच्या आमच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. त्यांनी तोंड उघडायला सांगितले. जिभेवर आणि टाळ्याला पांढरे चट्टे होते. इनहेलरमधील स्टिरॉइड फुप्फुसात जाण्याऐवजी तोंडात आणि घशात साचत होते. त्यातच औषध घेतल्यावर चूळ भरण्याचाही मी कंटाळा करीत होतो. त्यामुळे बुरशीचा संसर्ग झाला होता आणि आवाजही बसला होता. औषध घशातच अडकल्याने छातीला ते पुरेसे पोहोचत नव्हते, म्हणून ढास वाढली होती. मी मात्र आणखी एक दाब, आणखी एक दाब, असे करीत चूक दुप्पट करत होतो. डॉक्टरांनी तेथेच प्रत्यक्ष तपासून घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलगा मला घेऊन गेला. बुरशीवरचे औषध आणि नवा स्पेसर घेऊन आम्ही परतलो.

हा स्पेसर म्हणजे तोच पोकळ डबा. इनहेलर दाबताच औषधाचा फवारा मोठ्या वेगाने बाहेर पडतो. दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ अचूक जमला नाही, तर तो घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो. वय झाल्यावर, बोटांत जोर नसताना, हा मेळ बहुतेकांचा चुकतो. स्पेसरमध्ये फवाऱ्याचा वेग मंदावतो, मोठे थेंब डब्याच्या भिंतींवर राहतात आणि बारीक कण सावकाश श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. डबा रिकामा असतो, पण त्या रिकामेपणातच त्याचे काम चाललेले असते.

तो वापरण्याची रीत थोडक्यात सांगतो. इनहेलर हलवून स्पेसरला लावावा. एकदा पूर्ण श्वास सोडावा. तोंडाची नळी ओठांनी घट्ट धरून एकच दाब द्यावा, आणि सावकाश, खोल श्वास घ्यावा. जमल्यास दहापर्यंत आकडे मोजेतो श्वास रोखावा. दुसरा दाब सांगितला असेल, तर अर्धा-एक मिनिट थांबून, इनहेलर पुन्हा हलवून द्यावा. दोन्ही दाब एकदम देऊ नयेत. स्टिरॉइड असलेले औषध घेतल्यावर पाण्याने चूळ भरून ती थुंकावी. स्पेसर साधारण आठवड्याने कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्यावा. आतून फडक्याने पुसू नये. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युत निर्माण होते आणि औषध भिंतींना चिकटते. एक मात्र लक्षात असू द्यावे, की स्पेसर फवाऱ्याच्या इनहेलरसाठी असतो. ज्या उपकरणात कॅप्सूलमधील कोरडी पूड ओढून घ्यायची असते, त्याला तो लावत नाहीत आणि त्याची रीत निराळी असते. आपले उपकरण कोणते, हे डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारून घ्यावे आणि त्यांच्यासमोर एकदा वापरून दाखवावे. सहा वर्षे इनहेलर घेणाऱ्या मलाही हे पुन्हा शिकावे लागले.

दहा-बारा दिवसांत जिभेची झोंब थांबली. आवाज परत यायला महिना लागला. ढास पूर्ण गेली नाही, ती जाणारही नाही. पण संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत न थांबता जाता येऊ लागले.

आता गाडीचे काय झाले, ते तुम्ही विचाराल. नातवाने ते खोके परत केले. काही आठवड्यांनी त्याने दुसरा इनटेक आणला. याला मंजुरी क्रमांक होता, फिल्टर बंद डब्यात होता, हवा पुढूनच घेतली जात होती, आणि त्याच गाडीच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरसाठी नळीचे माप ठरवलेले होते. तो आम्ही दोघांनी मिळून बसवला. पाने मी दिले, हात त्याचे. मुलगाही येऊन विजेरी धरून उभा राहिला. अबोला कधी संपला, ते तिघांपैकी कोणालाच कळले नाही. जोर फारसा वाढला नाही, हे नातवाने स्वतःच कबूल केले. ‘पण आवाज, आजोबा!’ असे म्हणून तो जो हसला, त्या हसण्याला साडेतीनशे डॉलर जास्त आहेत, असे मी म्हणणार नाही. हौस ही हौस म्हणून करावी, तिला सुधारणेचे नाव देऊ नये, एवढेच. कंपनीचा मूळ डबा मात्र त्याने पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवला आहे.

आपल्या घरांतही असे ‘बिनकामाचे डबे’ असतात. काठीच्या टोकाचे रबर झिजले म्हणून ते काढून टाकणारे आजोबा तुम्ही पाहिले असतील. फरशीवर घसरू न देण्याचे काम ते रबरच करत होते. वॉकर जड वाटतो म्हणून कोपऱ्यात जातो. पायांच्या सुजेसाठी दिलेले घट्ट मोजे गैरसोयीचे म्हणून कपाटात पडतात. रक्तदाबाची गोळी, आता बरे वाटते म्हणून, आपल्याच मनाने बंद होते. बरे वाटते आहे ते तिच्यामुळेच, हे ध्यानात येत नाही. या वस्तूंचे काम दिसत नाही, कारण त्या ज्या संकटाला अडवतात, ते संकट घडतच नाही.

म्हणून ज्येष्ठांना माझे सांगणे असे, की काही काढण्यापूर्वी स्वतःला विचारावे: याचे काम आता कोण करणार? उत्तर मिळाले नाही, तर डॉक्टरांना विचारावे. आणि काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, नातवंडांना सांगणे असे, की वडीलधाऱ्यांनी औषध घेतले का, एवढेच विचारून थांबू नका. ते कसे घेतात, हे जवळ बसून एकदा पाहा. माझ्या घरात सहा वर्षांत सर्वांनी पहिला प्रश्न रोज विचारला. दुसरी गोष्ट एकाने, एकदाच, गाडीजवळ उभे राहून केली.

परतताना बॅगेत स्पेसरसाठी जागा करायची म्हणून मी दोन जाडजूड पुस्तके तेथेच ठेवून आलो. नातवाने तो स्वतःच्या हाताने माझ्या हातबॅगेत, सगळ्यांत वर ठेवला होता.